गोळी पोचत नाही म्हणून जेल? पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं विषय घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, एक ठरलेलं वाक्य असतं: ‘अमुक औषधाची तोंडावाटे उपलब्धता कमी आहे, म्हणून त्याचं ट्रान्सफरसोमल जेल.’ म्हणजे गिळलेल्या औषधातलं फार थोडं रक्तात पोचतं, म्हणून ते लवचिक पुटकुळ्यांत भरून कातडीवर लावायचं जेल करायचं. माझी हरकत त्या ‘म्हणून’वर असते. कमी उपलब्धतेची कारणं चार असतात आणि त्यातल्या एखाद्याच कारणावर त्वचा हा उतारा ठरतो. बाकीच्यांत आपण नळ बंद म्हणून शेजारच्या कोरड्या विहिरीत बादली सोडत असतो.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षं औषधं घडवण्यात, म्हणजे फॉर्म्युलेशनमध्ये काढली, आता पणजी-फोंड्याच्या मुलांना जमेल तशी मदत करते. पुढचं सगळं त्यांना तोंडी सांगते तेच आहे, फक्त क्रमाने.

आधी कारण शोधा

गॉर्डन अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली औषधांची चार गटांत विभागणी मांडली: विरघळतं का, आणि आतड्याची भिंत ओलांडतं का, या दोन प्रश्नांवर. ती पाठ सगळ्यांना असते. पण त्या विभागणीत यकृत नाही. आतड्यातून गेलेलं औषध आधी यकृतात जातं आणि तिथेच त्याचा फडशा पडतो, ही गोष्ट वेगळी तपासावी लागते. म्हणून औषध हातात आलं की चार प्रश्न विचारा. विरघळत नाही का? भिंत ओलांडत नाही का? पोटातल्या आम्लात किंवा एन्झाइमांत मोडतं का? की सगळं नीट होऊन यकृत आणि आतड्याची भिंत त्याला खाऊन टाकतात?

चौथं उत्तर आलं, तर जेलचा विचार करायला खरी जागा आहे. टेस्टोस्टेरॉन गिळलं तर यकृत ते जवळजवळ पुरतं संपवतं, आणि त्याचं जेल अमेरिकेत २००० साली मंजूर झालं. ऑक्सिब्युटिनिन हे लघवीच्या घाईवरचं औषध. गोळीतून जेमतेम सहा टक्के रक्तात पोचतं, वर आतड्यात आणि यकृतात त्याचं जे रूपांतर होतं त्यानेच मुख्यतः तोंडाला कोरड पडते. त्वचेतून दिलं की ते रूपांतर कमी होतं, त्यामुळे कोरडही कमी. त्याचा पॅच २००३ साली आणि जेल २००९ साली आलं. असेनापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध गिळलं तर दोन टक्केही हाती लागत नाही, त्याच्या पॅचला २०१९ साली मंजुरी मिळाली. तिन्ही औषधांत एक गोष्ट सारखी आहे: भिंत ओलांडण्याची ताकद त्यांच्यात मुळातच होती, अडचण पुढे होती.

उलट दुसरं उत्तर आलं, म्हणजे आतड्याची ओलसर, घड्या-घड्यांची, शोषणासाठीच घडलेली भिंत जे औषध ओलांडू शकत नाही, ते कोरड्या कातडीतून कसं जाणार? आणि पहिलं उत्तर आलं, नुसतं विरघळत नाही एवढंच, तर कण बारीक करा, सॉलिड डिस्पर्शन करा (म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या घन पदार्थात औषध बारीक पसरवा). गोळीतच काम भागेल आणि स्वस्तात भागेल.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवा. जेल दोन तऱ्हेचं असतं. गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफिनॅक हे जागच्या जागी काम करण्यासाठी असतं. एका गुडघ्याला दिवसाकाठी १६ ग्रॅम एक टक्क्याचं जेल लावलं तरी रक्तातलं प्रमाण गोळीच्या सुमारे सहा टक्केच भरतं, आणि तेच हवं असतं. टेस्टोस्टेरॉनचं जेल मात्र रक्तात पोचण्यासाठीच लावतात. तुमचं यातलं कुठलं ते सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहा. दोन्हींचे प्रयोग वेगळे, यशाची व्याख्याही वेगळी.

मग कागद-पेन्सिल

बीकर अजून धुवू नका. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटरचा असतो, पण अडवतो तोच. आपल्याकडच्या चिऱ्यांच्या भिंतीसारखी त्याची रचना असते: चिरे म्हणजे सपाट मृत पेशी, मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. औषधाची वाट त्या चुन्यातून जाते. म्हणून रेणू लहान हवा आणि थोडा तेलकट हवा. रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या आत हवं, हा बॉस आणि मेनार्डी यांनी २००० साली मांडलेला नियम यातूनच आला. लॉग पी, म्हणजे रेणूचा तेलकटपणा सांगणारा आकडा, साधारण १ ते ३ बरा. त्याहून फार तेलकट रेणू वरच्या थरातच अडकून बसतो, खालच्या ओल्या थरात उतरायला तयार होत नाही.

सत्तरी-डिचोलीच्या मुलांना हे समजावायला मला पुस्तक लागत नाही. काजूच्या दिवसांत ओल्या बिया फोडताना टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी काळी पडते, सोलते, आणि नुसत्या पाण्याने ते तेल जात नाही. त्यातले मुख्य रेणू ३००-३५० डाल्टनच्या आसपासचे, तेलकट. आजी बिया फोडायला बसताना हाताला खोबरेल किंवा राख का लावते, ते एकदा त्या नजरेने बघा.

आता हिशेब. रक्तात औषधाची पातळी टिकवायला तासाला किती लागेल? शरीर ज्या वेगाने औषध काढून टाकतं तो क्लिअरन्स गुणिले हवी ती पातळी. समजा क्लिअरन्स तासाला १० लिटर आणि पातळी हवी लिटरला ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे तासाला ५० मायक्रोग्रॅम. जेल १०० चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण तळहात आणि बोटं मिळून होईल तेवढ्या जागेवर लावलं, तर दर चौरस सेंटिमीटरमधून तासाला अर्धा मायक्रोग्रॅम गेला पाहिजे. हे जमण्यासारखं आहे.

आता मधुमेहावरचं मेटफॉर्मिन घ्या, कारण दर वर्षी कुणीतरी घेतोच. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीतलं निम्मं, २५० मिलिग्रॅम, रक्तात जातं असं धरू. दिवसभरात तेवढं त्वचेतून न्यायचं तर तासाला दहा मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे त्याच १०० चौरस सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला तासाला १०४ मायक्रोग्रॅम. आणि हे औषध पाण्यात साखरेसारखं विरघळणारं, तेलाला तोंडही न लावणारं. बहुतेक औषधं चौरस सेंटिमीटरमागे तासाला काही मायक्रोग्रॅमच्या पुढे जात नाहीत. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि तो न केल्याने लोकांचं अख्खं वर्ष गेलेलं मी पाहिलंय.

जे लावाल ते सगळं आत जाईल हा भ्रमही सोडा. टेस्टोस्टेरॉनच्या ५० मिलिग्रॅमच्या मात्रेतले सुमारे दहा टक्केच आत जातात. उरलेलं कातडीवर, कपड्यावर आणि कधी दुसऱ्याच्या अंगावर जातं. मोठ्यांच्या अंगावरून लहान मुलांना हे औषध लागून त्यांच्यात अवेळी वयात येण्याची लक्षणं दिसली, म्हणून २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला.

द्रावक निवडणं

औषध पाणी, प्रोपिलीन ग्लायकॉल, इथॅनॉल, ट्रान्सक्युटॉल, ओलेइक आम्ल, आयसोप्रोपिल मिरिस्टेट यांत वेगवेगळं किती विरघळतं ते आधी मोजा. जास्तीचं औषध घालून ४८ तास हलवत ठेवा, गाळा, मोजा.

आणि इथे हमखास चूक होते. ज्यात सगळ्यात जास्त विरघळतं तेच द्रावक भरपूर घ्यायचं, असं वाटतं. पण औषधाला त्वचेत ढकलतो तो त्याचा द्रावकातला अवघडलेपणा. खचाखच भरलेल्या बसमध्ये दार उघडलं की कुणीतरी बाहेर फेकलाच जातो. बस निम्मी रिकामी असेल तर प्रत्येकजण आरामात बसून राहतो. तेव्हा द्रावण संपृक्ततेच्या जवळ ठेवा. अल्कोहोल असलेल्या जेलचा एक फायदा हाच: ते उडून जातं आणि उरलेलं औषध कातडीवर आणखी दाटीवाटीत येतं. (अल्कोहोल म्हणजे लॅबचं. फेणी वापरू का, असं एकाने थट्टेत विचारलं होतं. नाही.)

लायपोसोम वगैरे लागतंच का?

माझं मत: पहिल्या तीन महिन्यांत नको. लायपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पुटकुळ्या. ट्रान्सफरसोम म्हणजे तशाच पुटकुळ्या, ज्यांच्यात ट्वीन ८० किंवा सोडियम कोलेटसारखं साबणाच्या गुणाचं काही घालून त्या लवचिक केलेल्या असतात. इथोसोममध्ये तेच काम २० ते ४५ टक्के इथॅनॉल करतं. दोन्हींत दम आहे, आणि इथोसोम करायला सोपे. पण आधी साधं जेल करा: तेच औषध, तेवढंच प्रमाण, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलसह. पुटकुळ्यांची तुलना त्याच्याशी करा. नुसत्या पाण्यातल्या, न विरघळलेल्या औषधाच्या जेलशी तुलना करून ‘पाचपट वाढ’ दाखवणं म्हणजे लंगड्याशी शर्यत लावून जिंकणं. बाहेरून येणारा परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

जेलचा पाया

पाणी घट्ट करून जेल बनवणारी पावडर म्हणजे कार्बोपॉल. ९४० किंवा ९३४ अर्धा ते दीड टक्का पुरतं. ते पाण्यात ओतायचं नाही, ढवळत्या पाण्याच्या भोवऱ्यात चिमूट-चिमूट भुरभुरायचं. उकडीत पीठ एकदम टाकलं की बाहेरून शिजलेल्या आणि आत कोरड्या गुठळ्या होतात, अगदी तसंच इथे होतं, आणि त्या गुठळ्या नंतर कितीही ढवळलं तरी फुटत नाहीत. रात्रभर भिजू द्या. सकाळी ट्रायइथॅनॉलअमाइन हे अल्कली थेंबाथेंबाने घाला. काही वेळ काहीच होत नाही, मग एका थेंबासरशी स्टरर अडखळतो आणि बीकरमध्ये काचेसारखं जेल उभं राहतं. पीएच ५.५ ते ६.५च्या दरम्यान आला की थांबा. जोरात ढवळून हवा कोंडली असेल तर झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा किंवा व्हॅक्यूम लावा.

पण कार्बोपॉल सगळ्यांना चालत नाही. त्याच्यावर ऋण भार असतो. औषध हायड्रोक्लोराइड क्षार असेल, म्हणजे धन भाराचं, तर दोघं एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटल्यासारखं दिसतं. सोडियम क्षाराने फाटत नाही, पण जेल पातळ होतं. माझी पहिली अर्धा किलोची बॅच अशीच बसली होती. बेसिनमध्ये ओतली, तर बेसिनही तुंबलं. ऑक्सिब्युटिनिनच्या जेलमध्ये पाया हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचा आहे, ते उगीच नव्हे. एचपीएमसी (सेल्युलोजचीच आणखी एक पावडर) घेत असाल तर थोडं पाणी ८० अंशांपर्यंत तापवून त्यात पावडर पसरवा, मग उरलेलं थंड पाणी घाला. पोलोक्झामर ४०७ या जेल करणाऱ्या पॉलिमरचं उलट: थंडीत पातळ, उष्णतेत घट्ट. २० टक्क्यांचं द्रावण फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून करतात. एप्रिलमध्ये पंख्याखाली टेबलावर करायला गेलात तर विरघळायच्या आधीच थिजतं.

तयार जेलच्या चाचण्या, म्हणजे पीएच, ब्रुकफिल्ड यंत्रावर दाटपणा, दोन काचपट्ट्यांमधला पसरण्याचा वेळ, ट्यूबमधून बाहेर येणं, हे एका दिवसाचं काम आहे. औषधाचं प्रमाण मात्र बीकरच्या वरून, मधून आणि तळातून वेगवेगळं घेऊन मोजा. एकाच जागचा नमुना काहीच सांगत नाही.

फ्रान्झ सेल: खरी परीक्षा

थॉमस फ्रान्झ यांच्या १९७५ सालच्या कामातून रुळलेलं हे काचेचं भांडं. वर जेल, मध्ये कातडी, खाली बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), भोवती ३७ अंशांचं पाणी म्हणजे कातडीचा वरचा भाग ३२ अंशांच्या आसपास राहतो. दिसायला सोपं, पण जीव घेतं.

सुरुवात डायलिसिस मेंब्रेनने, म्हणजे कृत्रिम पातळ पडद्याने करा. पण त्यातून औषध जेलमधून सुटतं का एवढंच कळतं, कातडीतून जातं का हे नाही. त्यासाठी डुकराच्या कानाची कातडी चांगली, माणसाच्या कातडीशी बरीच जुळते. गोव्यात डुकराचं मांस मिळायला अडचण नाही, अडचण वेगळीच आहे. बाजारात मांडलेला कान बहुतेक वेळा उकळत्या पाण्यातून निघालेला किंवा केस जाळण्यासाठी भाजलेला असतो. त्याचा वरचा थर गेलेला असतो आणि अशा कातडीतून मीठ-पाणीसुद्धा सुसाट जातं. आकडे इतके सुंदर येतात की मुलं लगेच पेपर लिहायला घेतात. तेव्हा कापणाऱ्यालाच आदल्या दिवशी गाठून सांगा: गरम पाणी घालायच्या आधी कान कापून द्या. थंड डब्यात आणा, गार पाण्याने धुवा, केस कात्रीने जवळून कापा, वस्तरा लावू नका. कानाच्या मागच्या बाजूची कातडी कूर्चेपासून स्काल्पेलने सोडवा, ओरखडे असलेला तुकडा टाकून द्या, उरलेली फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा. हे सगळं करण्याआधी कॉलेजच्या नैतिक समितीकडून लेखी घ्या. खाटकाकडून आणलं म्हणून विचारायचं नाही, असं धरून चालू नका. प्रयोगाच्या दिवशी विद्युत रोध मोजून कातडी शाबूत आहे का बघा. ती सोय नसेल तर निदान नुसतं बफर भरून तासभर गळती पाहा.

आता खालच्या बफरची गोष्ट, कारण इथे जितके जण फसतात तितके कुठेच फसत नाहीत. समजा औषध ७.४ पीएचच्या बफरमध्ये मिलिलिटरला ३ मायक्रोग्रॅमच विरघळतं आणि सेलमध्ये १२ मिलिलिटर आहे. म्हणजे सगळं मिळून ३६ मायक्रोग्रॅम मावतं. कातडी २ चौरस सेंटिमीटर आणि फ्लक्स, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमधून तासाला जाणारं औषध, ५ मायक्रोग्रॅम असेल तर तासाला १० मायक्रोग्रॅम खाली येतं. चार तासांच्या आत बफर भरलं. पुढे आलेख आडवा. मुलं उड्या मारत येतात, “मॅडम, सस्टेन्ड रिलीज!” म्हणजे औषध सावकाश सुटतंय. बाळांनो, भांडं भरलंय. खालची पातळी विद्राव्यतेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायची, आणि या उदाहरणात ती मर्यादा वीस-बावीस मिनिटांतच ओलांडली जाते. बफरमध्ये थोडं इथॅनॉल किंवा ट्वीन घाला, आणि त्याने कातडी बिघडत नाही ना ते औषध नसलेलं जेल लावून तपासा.

बफर आधी तापवून हवा काढून घ्या, नाहीतर मधल्या वेळी कातडीखाली बुडबुडा धरतो आणि तेवढा भाग बंद पडतो. सेल तिरपा करून बुडबुडा बाजूच्या नळीतून काढता येतो. दर वेळी काढलेला नमुना तेवढ्याच ताज्या, गरम बफरने भरा आणि काढलेलं औषध हिशेबात परत जोडा. सरळ चढणाऱ्या भागाचा उतार म्हणजे फ्लक्स, तो वर कागदावर काढलेल्या आकड्याशी ताडून बघा. तो आकडा भिंतीवर चिकटवून ठेवला असेल तर बरं.

जेल किती लावायचं? माणूस दर चौरस सेंटिमीटरला काही मिलिग्रॅम चोळतो. आपण दोन चौरस सेंटिमीटरच्या तोंडावर एक ग्रॅम थापतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५०० मिलिग्रॅम. तुलनेसाठी ते ठीक आहे, पण एक फेरी दहा मिलिग्रॅमचीही करा. तिथे कित्येक दिमाखदार जेलं माना टाकतात. शेवटी कातडी बारीक कापून तिच्यात अडकलेलं औषध काढा आणि वर उरलेलं, आत अडकलेलं, खाली गेलेलं यांची बेरीज लावा. लावलेल्याच्या जवळपास यायला हवी.

चोवीस तासांच्या प्रयोगात रात्री वीज गेली की पाण्याची टाकी थंड होते. पहिल्या पावसाच्या आठवड्यात फ्रान्झ लावू नका. यूपीएस स्टररला नाही, पाणी फिरवणाऱ्या बाथला जोडा.

टिकतं का?

तयार जेल सहा महिने ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ठेवून बघा, आणि दीर्घ मुदतीसाठी ३० अंश, ७० टक्क्यांना. गोव्यात पावसाळ्यात हवेतच त्याहून ओल असते, त्यामुळे कार्बोपॉलचा डबा उघडा राहिला की वजनच चुकतं. पुटकुळ्यांसाठी केलेली लिपिडची पातळ फिल्म जुलैत चिकट होऊन बसते. डेसिकेटरचे (वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्याचे) सिलिका मणी निळ्याचे गुलाबी झालेत का, हे मे संपायच्या आत बघा. अल्कोहोल असलेलं जेल ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये भरा आणि दर महिन्याला वजन करा.

एक कायद्याची बाब

मंजूर औषधाचाही देण्याचा मार्ग बदलला की २०१९च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार ते ‘नवीन औषध’ ठरतं. माणसावर वापरायचं तर केंद्रीय परवानगी लागते, बनवायचं तर परवाना. लॅबमधल्या प्रत्येक बरणीवर बॅच, तारीख आणि ‘फक्त प्रयोगासाठी’ असं लिहा. स्वतःच्या कोपरावर लावून बघायचा मोह होतोच. लावू नका, वर मी सांगितलं ते सगळं कातडीतून जाण्यासाठीच केलेलं असतं.

जेल करता हे एकदा वाड्यावर कळलं की शेजारच्या काकी गुडघ्यासाठी एक ट्यूब मागायला येतातच. त्यांना फार्मसीतलं डायक्लोफिनॅक आणून द्या, डॉक्टरांना दाखवलंय का ते विचारा, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात अल्सर असेल तर तेही आणू नका.